घरातलं कुटुंब आणि फॉर्ममधलं ‘कुटुंब’

प्रश्न : देवगडच्या कॅनिंग कारखान्यात मी सोळा वर्षं कायम कामगार आहे, फंड कापला जातो. आम्ही दोघं बारा वर्षं एकत्र राहतो. लग्न केलेलं नाही, आधीही कुणाचं झालेलं नव्हतं. आई माझ्याच जिवावर आहे. माझ्यामागे फंड आणि पेन्शन जोडीदाराला मिळेल का?

उत्तर : पेन्शन मिळेल, फंड मात्र सहजासहजी नाही. आई तुमच्यावर अवलंबून आहे, हे त्याचं कारण. १९५२च्या फंड (भविष्य निर्वाह निधी, पीएफ) योजनेत पुरुष सभासदाच्या कुटुंबात पत्नी आणि मुलांबरोबर अवलंबून असलेले आईवडीलही धरतात, आणि कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नाव लावलं तर ते नॉमिनेशन टिकत नाही. १९९५च्या पेन्शन योजनेत आईवडील कुटुंबात येत नाहीत. तिथे पती-पत्नी आणि मुलंच मोजतात. म्हणून अविवाहित सभासदाला पेन्शनसाठी आपल्या पसंतीच्या व्यक्तीचं नाव देता येतं आणि त्या व्यक्तीला विधवेइतकी, म्हणजे महिना किमान १,००० रुपये पेन्शन मिळते. नाव दिलं नाही तर ती आधी अवलंबून असलेल्या वडिलांना, ते नसतील तर आईला जाते.

फंडाच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरताना ‘हॅविंग फॅमिली’ असा प्रश्न येतो. आई आहे, म्हणून उत्तर ‘हो’. फंडाचा वाटा भरून झाला की लोक ‘सेव्ह’ करतात आणि उठतात. पेन्शनच्या नॉमिनीचा रकाना वेगळा असतो, तो राहूनच जातो. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय अर्ज नोंदलाच जात नाही. जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका.

लग्न करायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. केलंत तर ही नॉमिनेशन्स आपोआप रद्द होतात, ती नव्याने भरायची. मग फंडालाही पत्नीचं नाव लावता येतं. विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटीसआधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं.

प्रश्न : गुहागर तालुक्यातून जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. पत्नी वीस वर्षं वेगळी राहते, घटस्फोट नाही. आता जी सोबत आहे, तिला कुटुंबनिवृत्तीवेतन देता येईल का?

उत्तर : नाही. ते मृत्युपत्राने कुणाच्या नावे करता येत नाही. वेगळी राहत असली तरी कायद्याने पत्नी तीच. देवळात दुसरं लग्न लावलं असेल तरी पहिलं लग्न उभं असताना ते कायद्याने शून्यच. मात्र त्या संबंधातून मुलं असतील तर त्यांचा हक्क वेगळा आहे, त्यांची नावं लपवू नका. परस्पर संमतीने घटस्फोट शक्य असेल तर आजच वकील गाठा. बचत आणि घर यांसाठी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार पुरतात. पण सातबारा सामाईक असेल, कोकणात बहुधा असतोच, तर तुमच्या हिश्शापुरतंच ते चालतं.

प्रश्न : हर्णैला आम्ही बिनलग्नाचे एकत्र राहतो. तिचा एक पाय निकामी आहे. संजय गांधी निराधार योजनेत बसेल का?

उत्तर : अर्ज तिने स्वतःच्या नावाने करायचा. लग्न झालेलं असणं ही अट नाही. अपंगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य, वय ६५च्या आत आणि दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा : स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून रुग्णालय निवडायचं, मग दिलेल्या दिवशी तपासणीला जायचं. अडतं ते नावावरून. आधारवर वडिलांचं नाव, बँकेत तुमचं, दाखल्यात तिसरंच. लग्न नाही, तेव्हा सगळीकडे वडिलांचंच नाव ठेवा आणि खातं आधारशी जोडून घ्या. मगच दापोली तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला की पैसे थांबतात.