बीबीसी मायक्रो मिळालाय? आधी प्लग काढा

1980 च्या दशकातला हा ब्रिटिश संगणक मिळाल्याबद्दल अभिनंदन, पण चालतंय का बघायला लगेच स्विच दाबू नका. शालेय संगणक-साक्षरतेच्या 1984 च्या 'क्लास' योजनेत आपल्याकडच्या शाळांना हाच संगणक दिला होता, त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला नग असण्याची शक्यता जास्त.

खाली आणि मागे 'फिक्स' लिहिलेले स्क्रू दिसतील. ते काढले की वरचं झाकण सुटतं. डावीकडचा पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. त्यात मेन्सच्या, म्हणजे घरातली वीज आत येते त्या बाजूला रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) असतात. भिंगाखाली धरा, कवचावर केसासारख्या बारीक चिरा दिसतील. त्यातून ओल आत शिरते, आणि वीज दिली की कपॅसिटर फुटून खोलीभर उग्र धूर. संगणक बहुधा वाचतो, वास मात्र हटत नाही. तडे नसले तरी बदला. नवे एक्स-2 दर्जाचेच, म्हणजे थेट मेन्सवर वापरायला बनवलेले घ्या. या डब्यात 230 व्होल्ट खेळतात, सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

साफसफाई सोपी. कीबोर्डच्या कळा उपसण्याआधी फोटो काढा, मग कोमट साबणपाणी. प्लास्टिकचा पिवळेपणा घालवायच्या पेरॉक्साइडच्या (रंग उडवणाऱ्या रसायनाच्या) फंदात इतक्यात पडू नका. मला तर तो पिवळेपणा आवडतो.