बाबा अंथरुणाला खिळलेले असताना मी आनंदात राहिले तर ते कॅथलिक म्हणून चुकीचं आहे का?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातली भाजी तशीच ठेवून लिहायला बसले. बाबांना अर्धांगाचा झटका आलेला, तुमचं लग्न ठरलेलं, आणि रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, ऐकलेलं 'आपला क्रूस उचला' डोक्यातून जात नाही. हसू आलं तरी चोरी केल्यासारखं वाटतं. मग 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' ह्या वचनाचं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते. तुम्ही तोंड पाडून बसलात म्हणून बाबांचा हात हलायला लागणार नाही, आणि देवालाही त्यातून काही मिळत नाही. दुखणं हे दुखणंच असतं, ते आपोआप पवित्र होत नाही. हे मी एका भांडणातून शिकले, ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

2016 सालची गोष्ट. सांगलीत आमचं घर. सासूबाईंचा स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, आता बरं करणं हातात नाही, पण दुखू न देणं आहे. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. दर 4 तासांनी द्यायच्या, कळ सुरू व्हायची वाट बघायची नाही, घड्याळ लावून द्यायच्या. सोबत पोट साफ होण्याचं औषध. सासूबाई पहिल्यांदा सलग झोपल्या तेव्हा मी दारात उभी राहून त्यांचा श्वास ऐकत होते.

मग थोरल्या वन्सं राहायला आल्या. फार श्रद्धाळू बाई, रोजची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवली नाही. त्यांनी गोळ्यांची डबी कपाटात ठेवली आणि आईला म्हणाल्या, "आई, प्रभूला क्रूसावर जाताना बोळ नावाचा कडू डिंक मिसळलेला द्राक्षारस देत होते, गुंगी यावी म्हणून. त्यानं घेतला नाही. तूही तुझं दुखणं देवाला अर्पण कर." सासूबाई लेकीला नाही म्हणायच्या नाहीत. दोन रात्री गोळी बंद.

त्या रात्रींचं काय सांगू. सासूबाईंची जपमाळ काळ्या लाकडी मण्यांची, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतून माझ्या आईनं आणून दिलेली. एरवी त्यांचा अंगठा मण्यामागून मणी असा सरकायचा की बघणाऱ्याला कळू नये. त्या रात्री अंगठा तिसऱ्या मण्यावरच अडकला. 'नमो मरिये' एवढंच तोंडातून यायचं, पुढचे शब्द कळ खाऊन टाकायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एक दशक, म्हणजे दहा मणी, काही पुरं झालं नाही. पदराचा बोळा दातात धरलेला. सकाळी प्रार्थनेच्या बायका आल्या आणि म्हणाल्या, "किती शांतपणे सोसतात, संतीण आहेत." त्या शांत नव्हत्या हो. ओरडायची ताकद नव्हती.

तिसऱ्या रात्री 2 वाजता मी कपाट उघडलं. विचारलं, "आई, घेता का गोळी?" त्यांनी काही न बोलता तोंड उघडलं. लहान पोर घास घ्यायला उघडतं तसं. सकाळी वन्संना कळलं आणि त्या मला म्हणाल्या, "तू माझ्या आईचं पुण्य चोरलंस."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

11 डिसेंबरला आगमनकाळातला, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांतला, तिसरा रविवार होता. त्या दिवशी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्र घालतात, आणि त्या रविवारचं जुनं नावच 'आनंद करा' ह्या बायबलमधल्या संत पौलाच्या शब्दांवरून आलंय. ते शब्द त्यानं कैदेतून लिहिले, हे तुम्हाला माहीत असेलच. फादर दुपारी आजाऱ्यासाठी कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घेऊन घरी आले. वन्संनी त्यांच्यासमोर माझी तक्रार मांडली. फादरांनी शांतपणे सांगितलं की बाराव्या पायस पोपनी 1957 मध्येच डॉक्टरांना स्पष्ट केलंय, वेदना कमी करणारं औषध घ्यायला ख्रिस्ती माणसाला मोकळीक आहे, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याचा संभव असला तरी, हेतू मारण्याचा नसला म्हणजे झालं. नंतर मी स्वतः शोधून 1980 चं रोमचं पत्रक वाचलं. त्यात म्हटलंय की एखाद्यानं आपखुशीनं औषध कमी घेऊन ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी व्हायचं ठरवलं तर त्याचा मान राखावा, पण असलं शौर्य सगळ्यांवर नियम म्हणून लादणं शहाणपणाचं नाही. आपखुशीनं, हा शब्द बघा. लेकीच्या धाकानं नव्हे.

आणि द्राक्षारसाचंच म्हणाल तर योहानाचं शुभवर्तमान पुढे वाचा. शेवटी प्रभू म्हणाला, "मला तहान लागली आहे." लोकांनी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज वर धरला आणि त्यानं ती घेतली. देवाच्या पुत्रानं मरताना घोटभर मागून घेतलं. अटकेच्या रात्री गेथशेमानी बागेतही त्यानं आधी 'हा प्याला टळो' असंच म्हटलं. त्यानं दुःखाची आवड धरली नव्हती, त्यानं प्रेम सोडलं नाही एवढंच.

त्याच रविवारी संध्याकाळी, गोळी घेऊन तासभर झाल्यावर, सासूबाई म्हणाल्या, "करंज्या करा गं. नाताळपर्यंत मी असेन-नसेन." मी परात त्यांच्या कॉटवर नेली. उशा लावून बसवलं. मी पारी लाटायची, सारण भरायची, आणि त्या मुरड घालायच्या. अंगठ्यानं कड दाबून, दुमडून, पुन्हा दाबून, वेलीसारखी. अकरा करंज्यांना मुरड घातली. मध्येच हसल्या आणि म्हणाल्या, "तुझी पारी जाड." रात्री जपमाळ घेतली आणि पाचही दशकं पुरी केली. प्रत्येक दशक कुणासाठी तेही सांगितलं. एक वन्संच्या नवऱ्याच्या दारूसाठी होतं. मग अर्पण कधी झालं, त्या दोन रात्रींत की ह्या संध्याकाळी?

21 तारखेला त्या गेल्या. नाताळच्या दिवशी त्यांच्या हातच्या करंज्या मी ताटात मांडल्या आणि वन्सं उठून गेल्या. दुःखाच्या घरात गोडधोड काय मांडतेस, म्हणाल्या. मी म्हणते, त्या करंज्या डब्यात ठेवून कुणाचं भलं झालं असतं? पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या पत्रात लिहिलंय की काही ख्रिस्ती लोकांचं जगणं ईस्टरचा सण नसलेल्या, नुसत्या त्याआधीच्या उपवासकाळासारखं दिसतं. मी ते वाचलं तेव्हा वन्संच डोळ्यापुढे आल्या.

आता न्यायानं बोलायचं तर वन्संचं सगळंच चूक नव्हतं. जे दुःख टळतच नाही, ते कुणासाठी तरी अर्पण करणं ही आपल्याकडची खरी आणि जुनी गोष्ट आहे. ख्रिस्ताच्या क्लेशांत जे उणं आहे ते मी आपल्या देहात भरून काढतो, असं पौल कलस्सैकरांना लिहितो. दुसऱ्या जॉन पॉल पोपनी 1984 मध्ये दुःखाच्या अर्थावर अख्खं पत्र लिहिलं, आणि त्यातही शेवटी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. जखमी माणसाजवळ थांबून त्याची जखम बांधणारा. आपलं दुखणं अर्पण करायचं, दुसऱ्याचं मात्र हलकं करायचं. वन्सं दुसऱ्याचं अर्पण करायला निघाल्या होत्या, तिथं माझं त्यांच्याशी वाजलं. मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही, त्यामुळे नेमकं तुमच्या फादरांना विचारा. औषधाचं डॉक्टरांनाच. आणि अपराधीपणा महिनोन्महिने झोप उडवत असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात विश्वासाची कमी नसते.

तुमच्या लग्नाचं मात्र ऐका. पत्रिका छापून आली की पहिली बाबांच्या उशाशी वाचून दाखवा. हळद त्यांच्याच खोलीत लावा, उजवा हात उचलत नसेल तर डावा धरून तुमच्या गालाला लावा. साडी नेसून आधी त्यांच्यासमोर उभ्या राहा. आणि त्यांच्यापुढे रडू आलं तर रडा, हसू आलं तर तेही दाबू नका, झटका आलेल्या माणसाला बोलता आलं नाही तरी बऱ्याचदा समोरच्याचा चेहरा कळतो.