भारताची तैवानला मान्यता नाही, मग सोलापूरच्या टॉवेलवाल्याने तिकडच्या व्हिसासाठी जायचं कुठे?

वकिलात नाही, पण काम अडत नाही. 1995 पासून तैपेईत 'इंडिया-तैपेई असोसिएशन' आणि दिल्लीत 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र' आहे. पाटी संस्थेची, आतलं काम बरंचसं वकिलातीचंच: व्हिसा, कागदपत्रांचं प्रमाणीकरण, व्यापाराच्या चौकश्या. 2024 मध्ये मुंबईतही असं केंद्र उघडलं, तेव्हा आधी तिथेच विचारा.

भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतातच, तसंच हे. मान्यता हा राजकीय निर्णय. ती न देताही बोलणी, करार, मदत सगळं चालू ठेवता येतं, फक्त झेंडा आणि 'राजदूत' ही पदवी टाळायची. अमेरिकेनेही 1979 मध्ये बीजिंगला मान्यता दिल्यावर तैवानसाठी हीच पळवाट काढली आणि तिला कायद्याचा आधार दिला.

काबूलचं गणित याहून मजेशीर. 2022 मध्ये भारताने तिथे 'तांत्रिक पथक' पाठवलं, ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचा पुन्हा दूतावास केला, तालिबानला औपचारिक मान्यता न देताच. मला तर यात ढोंगापेक्षा व्यवहार जास्त दिसतो.

आणि हो, तैवानच्या व्हिसा अर्जात देशाचं नाव त्यांच्या फॉर्मवर छापलंय तसंच लिहा.