कात्री कोणाच्या हातात आहे?

प्रिय,

बँडवरच्या तुझ्या डॉक्युमेंटरीचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, पाहिला. बँड झकास आहे, आणि ती ड्रम वाजवणारी मुलगी तर भन्नाटच. पण 'सर, खरं वाटतंय का?' असं तू विचारलंस, त्याचं उत्तर 'अजून नाही' असंच आहे. फोनवर मी फाटे फोडत बसतो, म्हणून लिहितोय.

तुझी सगळी भिस्त त्या भांडणावर आहे. गिटारवाला आणि गाणारा जॅमरूममध्ये एकमेकांवर ओरडतायत, मागे तू पियानोची धून सोडलीयस आणि मध्येच ड्रमरचा पडलेला चेहरा. तो चेहरा दुसऱ्याच दिवशीचा आहे. टी-शर्ट बदललाय गं! कॅमेऱ्यासमोर कोणी रडलं-भांडलं की खरं हाती लागलं असं वाटतं, पण रिअ‍ॅलिटी शोवाले रोज तेच विकतात.

भांडणच बघायचं तर मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडवरची 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' (2004) बघ. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की या जोडीची. 2001 मध्ये बेसिस्ट जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेलेला, नवा अल्बम अडलेला, त्यात गायक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी निघून जातो. परत येतो तो अट घेऊन : काम फक्त दुपारी बारा ते चार. आणि तो नसताना बाकीच्यांनी रेकॉर्डिंग ऐकत बसायचं नाही! ड्रमर लार्स उलरिक त्याच्या तोंडासमोर जाऊन शिवी हासडतो, तो सीन सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या लक्षात राहिले ते दुसरेच दोन. लार्स आपल्या लांब दाढीवाल्या वडिलांना नवा ट्रॅक ऐकवतो आणि म्हातारबुवा शांतपणे सांगतात, मी असतो तर हे पुसून टाकलं असतं. आणि दुसरा फिल टाउल यांचा. महिना 40 हजार डॉलर घेऊन बँडची मनं जुळवायला आलेले हे गृहस्थ. आता तुमचं काम आवरतं घेऊ या, असं बँड सुचवतो तेव्हा तेच जायला राजी नसतात. असलं काही कोणी लिहून काढू शकत नाही.

आता यातली गोम बघ. रेकॉर्ड कंपनीला या फुटेजची टीव्ही मालिका करायची होती. बँडने पैसे मोजून सगळं आपल्याकडे घेतलं. म्हणजे कात्री बँडच्याच हातात होती. वडिलांचा तो सीन उडवायला एक फोन पुरला असता. तरी तो राहिला. मला ती फिल्म पटते ती यामुळे.

बीटल्सचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. जानेवारी 1969 चं तेच चित्रीकरण, त्यातून दोन फिल्म निघाल्या. मायकेल लिंडसे-हॉगची 'लेट इट बी' मे 1970 मध्ये आली तोवर बँड फुटला होता, त्यामुळे लोकांनी ती घटस्फोटाची कागदपत्रं वाचावीत तशी पाहिली. गंमत म्हणजे जॉर्ज हॅरिसन 10 जानेवारीला उठून चालता झाला, हेच तीत नाही. 2021 मध्ये पीटर जॅक्सनने साठेक तासांचं चित्रीकरण आणि दीडशे तासांचा आवाज उपसून जवळजवळ आठ तासांची 'गेट बॅक' केली. तीत जॉर्ज जातो. जेवणघरातल्या फुलांच्या कुंडीत लपवलेल्या माइकने टिपलेलं जॉन आणि पॉलचं बोलणंही ऐकू येतं. चित्र नाही, म्हणून पडद्यावर नुसती अक्षरं. पण मला विचारशील तर तिचा खरेपणा कंटाळ्यात आहे. जॉनचा पत्ता नाही, जॉर्ज जांभई देतोय, रिंगो बसून आहे, आणि पॉल बेस खरवडत राहतो. खरवडता खरवडता 'गेट बॅक' या गाण्याची चाल आपल्या डोळ्यांदेखत आकाराला येते. आधीचा कंटाळा कापला असता तर तो नुसता चमत्कार झाला असता. अर्थात आवाज दीडशे तासांचा आणि चित्र साठ तासांचं, म्हणजे कुठे ना कुठे दुसऱ्या क्षणाचं चित्र चिकटणारच. टी-शर्टवरून तुला बोललो खरा, पण चिकटवणं हा गुन्हा नाही. त्या माणसाला तेव्हा जे वाटतच नव्हतं ते त्याच्या तोंडावर चिकटवणं वाईट.

मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिनची 'गिमी शेल्टर' (1970) तू पाहिलीच असशील. डिसेंबर 1969 मध्ये कॅलिफोर्नियात ऑल्टमाँटला रोलिंग स्टोन्स हा बँड वाजवत असताना मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं. फिल्ममध्ये स्टोन्सचा गायक मिक जॅगर एडिटिंग टेबलापाशी बसून ते फुटेज मागे घ्यायला लावून पुन्हा बघतो. म्हणजे आपण बघतोय ते कोणीतरी जोडलेलं आहे, हे फिल्म स्वतःच दाखवते.

तुझ्या फिल्ममध्ये नेमकं हेच लपलंय. कॅमेऱ्याचं भाडं बँडने दिलंय आणि गाणारा तुझा सख्खा भाऊ आहे. मला हे ठाऊक आहे, बघणाऱ्याला नाही. एका सीनमध्ये तो कॅमेऱ्याकडे बघून 'ताई, बंद कर ना' म्हणतो, तो तू आवाजासकट कापलास. तो आधी परत घे. पियानो काढ. भांडण ठेव, पण त्याच्या आधीची ती वीस मिनिटं, एकाच ओळीवर अडलेली, त्यातली निदान चार तरी येऊ देत. नाहीतर ते कशावरून भांडतायत तेच कळत नाही.

आणि बँडला कट दाखवायच्या आधी एका कागदावर लिहून घे : चूक दाखवा, दुरुस्त करीन, नको म्हणालात तर ऐकून घेईन, पण शेवटचा शब्द माझा. भावाचीही सही घे. तो कुरकुर करेल, करू दे. दाखवायला जाशील तेव्हा कॅमेरा सोबत ने आणि नवा कट पाठवताना ते फुटेजही पाठव.

तुझा,
सर