मराठी माध्यमातील मुले प्रोग्रॅमिंगमध्ये का अडखळतात, हा संगणकशास्त्रातील पीएचडीचा विषय होऊ शकतो का?

आपण बेळगावच्या एका महाविद्यालयात बीसीएच्या वर्गाला शिकवता आणि मराठी शाळांतून आलेल्या मुलांच्या अडचणींवर संशोधन करू इच्छिता. परंतु हा विषय संगणकशास्त्राचा न मानता शिक्षणशास्त्राचा मानला जाईल, अशी शंका आपण विचारली आहे. मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा विषय संगणकशास्त्राचाच आहे. संगणकशास्त्र कसे शिकले-शिकवले जाते यावरील संशोधनासाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद 2005 पासून भरते, आणि मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएचडी करता येते. शिवाय मुलाने नेमकी कोठे गफलत केली हे ओळखायचे, तर प्रोग्रॅम चालताना यंत्रात काय घडते हे संशोधकाला पक्के ठाऊक असावेच लागते.

या क्षेत्राला हादरा बसला तो 2001 साली. मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील 216 विद्यार्थ्यांना, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम झाल्यावर, नेहमीच्या धाटणीची उदाहरणे सोडवायला दिली. 110 पैकी सरासरी 22.89 गुण पडले. ‘आपल्याच वर्गातील मुले कच्ची’ असे मानणाऱ्या अनेक शिक्षकांना त्या आकड्याने विचारात पाडले. पुढे 2004 मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांत पाहणी केली, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांना आयता लिहिलेला लहानसा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचून त्याचे उत्तर सांगणेही जड जाते, असे दिसले. लिहिता का येत नाही, यापेक्षा वाचताना काय समजते, हा प्रश्न तेव्हापासून पुढे आला.

आपल्याकडे या प्रश्नाला भाषेची जोड आहे. खानापूर तालुक्यातून आलेल्या एका मुलीला मी ‘एक्स = एक्स + 1’ ही ओळ वाचायला सांगितली. तिने वाचले, ‘एक्स बरोबर एक्स अधिक एक,’ आणि क्षणभर थांबून म्हणाली, ‘हे कसं असंल, सर? दोन्हीकडनं एक्स काढला तर शून्य बरोबर एक व्हतंय.’ तिचे गणित अचूक होते. दहा वर्षे जे चिन्ह ती ‘बरोबर’ म्हणून वाचत आली, त्याचा अर्थ येथे ‘उजवीकडचे उत्तर काढून डावीकडे ठेवा’ असा बदलला आहे, हे मी तिला कधी सांगितलेच नव्हते. ‘एक्समध्ये ठेवा’ असे वाचायला लावल्यावर तिची अडचण सुटली. व्हेरिएबलला, म्हणजे ‘एक्स’सारख्या किंमत साठवणाऱ्या नावाला, डबा म्हणण्याचेही असेच आहे. नेदरलँड्समधील फेलियेन हेर्मन्स आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले की, डब्याच्या उपमेने सोपे प्रश्न चांगले सुटतात, पण एका व्हेरिएबलमध्ये दोन किमती एकदम राहतात असा गैरसमजही वाढतो. आपल्या मुलांच्या डब्यात भाकरी आणि भाजी रोज एकत्रच असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मातृभाषेविषयीचे कामही अवश्य पाहावे. फिलिप गुओ यांच्या 2018 च्या पाहणीत 86 देशांतील 840 जणांनी इंग्रजीमुळे येणाऱ्या अडचणी सांगितल्या आहेत. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन हिल यांना 2017 मध्ये असे आढळले की, स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतील आज्ञा स्वतःच्या भाषेत असल्या की मुले नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरू लागतात. आपला प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथील मुलगा घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतो, आणि प्रयोगशाळेत शेजाऱ्याला शंका विचारताना या तिन्ही एकाच वाक्यात येतात. माझ्या मते खरे संशोधन त्या वाक्यात आहे.

म्हणून ‘प्रोग्रॅमिंग अवघड वाटते का?’ अशा प्रश्नावलीने सुरुवात करू नका. त्यातून मत कळते, चूक कळत नाही. पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम कागदावर द्या, मुलाच्या शेजारी बसा, प्रत्येक ओळीनंतर काय घडले हे त्याच्याच बोलीत मोठ्याने सांगायला लावा, आणि त्याची संमती घेऊन ते ध्वनिमुद्रित करा. नंतर कन्नड शब्दांसह, काहीही न सुधारता, जसेच्या तसे उतरवून काढा. हे काम कंटाळवाणे आहे. एका तासाच्या बोलण्याला मला अख्खा दिवस लागत असे.

माझा पहिला प्रस्ताव ‘हा आमच्या विभागाचा विषय नाही’ या शेऱ्यासह परत आला होता, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या वेळी मी प्रस्तावाला अशी उतरवलेली बारा पाने जोडली. समितीतील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी त्यातील ‘शून्य बरोबर एक’ हा भाग मोठ्याने वाचला, आणि पुढची चर्चा विषय कोणाचा यावर न होता त्या मुलीच्या उत्तरावरच झाली.