चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचणी (डॅमसेलफ्लाय) हे पाण्याकाठी उडणारे दोन कीटक वेगळे कसे ओळखायचे आणि निरीक्षणाला सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात सोपं म्हणजे ते बसल्यावर बघा, चतुर पंख आडवे पसरून बसतो आणि टाचणी बहुतेक वेळा पाठीवर मिटून घेते (काही टाचण्या अर्धवट उघडे ठेवतात, म्हणून डोळेही बघायचे, टाचणीचे डोळे दोन बाजूंना लांब लांब असतात आणि चतुराचे बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांना चिकटलेले).

आता निरीक्षण. ऊन पडलेल्या सकाळी तळं किंवा संथ ओढ्याच्या काठी जा आणि एका जागी शांत बसा, मागे पळू नका. नर चतुर आपला इलाका राखतो, उडाला तरी बऱ्याचदा फिरून त्याच काडीवर येऊन बसतो, त्यामुळे फोटोसाठी तिथेच थांबलेलं बरं. फक्त आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. फोटो वरून आणि बाजूने दोन्ही घ्या, जात ओळखताना पंखांवरचे डाग आणि पोटावरचे पट्टे लागतात. नर-मादीचे रंग बऱ्याचदा वेगळे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर एकाच जातीच्या दोन जाती वाटतील!

आणि प्लीज पाण्यातली पिल्लं विसरू नका, मला तर तीच जास्त भारी वाटतात. यांना कोष नसतोच, पिल्लू पाण्यात वाढतं, खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून शिकार पकडतं आणि मोठं झालं की गवताच्या काडीवर चढून कात टाकतं. ती रिकामी कात काठावर शोधा, हमखास सापडते.