मीटिंगमध्ये बोलता येत नाही, मी मागे पडेन का?

प्रश्न: सर, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली. काम येतं, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. साहेब म्हणतात असाच राहिलास तर इथेच राहशील. तुम्हीही अबोल, तरी पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी केलीत. मग मी स्वभाव बदलायचा का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: नको बदलूस. बढतीत बोलकी माणसं पुढे जातात हे खरंय, मलाही त्याचा त्रास झाला, खोटं कशाला सांगू. पण माझी बहुतेक नोकरी मातीच्या धरणांवर गेली आणि तिथे शांतपणे बघत बसणारा माणूस लागतोच. धरणाच्या पायथ्याला व्ही-नॉच असतो, म्हणजे पत्र्याला त्रिकोणी खाच, झिरपलेलं पाणी त्यातून जातं, त्याची उंची मोजून रजिस्टरात लिहायची. दिसायला किरकोळ काम, पण ९० अंशांच्या खाचेत उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींच्याही वर जातो, त्यामुळे तिथे अंदाजपंचे आकडा लिहून चालत नाही. शिवाय जलाशयाची पातळी एवढीच असताना मागच्या वर्षी किती पाणी येत होतं तेही बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी नितळ आहे का गढूळ. भरपूर पण नितळ पाणी एकवेळ परवडतं, थोडंसंच गढूळ आलं तर आतली माती वाहून येत असते. मला हे एकट्याने करायला फार आवडायचं, पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या तपासणीला मी आपणहून जायचो.

फक्त दिसलेलं पोटात ठेवायची मुभा अबोल माणसालाही नाही. मी लागलो तेव्हा १२ जुलै १९६१ चं पानशेत आठवणारी माणसं खात्यात होती. काम पुरं व्हायच्या आत धरण त्या पावसाळ्यात भरलं, भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलंच आणि पाणी पुण्यात शिरलं. हे ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यांचे चेहरे बघितल्यावर गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

मग मी लिहायचो. एका धरणावर मला गढूळ पाणी दिसलं, वरिष्ठ म्हणाले पावसाचं मिसळलं असेल, सोडा. मी बाटलीत नमुना भरला, वर तारीख, वेळ, पातळी लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि टिपणीसोबत त्यांच्या टेबलावर ठेवली. तळाला बसलेला गाळ सगळ्यांना दिसत होता, लगेच वाळू-खडीचा उलटा फिल्टर, म्हणजे पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर, टाकायचं काम सुरू झालं.

तूही मीटिंगच्या आदल्या दिवशी एका पानाची टिपणी पाठव, आकडे आणि तुझं मत दोन्ही असू देत, म्हणजे मीटिंगमध्ये तुला एवढंच म्हणायचंय की टिपणीतला आकडा बघा. आणि साहेबांना सरळ सांग, मी लिहून देतो, त्यावर मला प्रश्न विचारा. विचारल्यावर तुला बोलता येईल, कारण तेव्हा विषय तुझ्या कामाचा असेल.